सुमनबद्दल मी जे पसरवलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पप्पांना तर नाहीच. इतक्या वर्षांनी आज लिहायला बसले आहे.

पप्पांची नागपूरहून लखनौला बदली झाली तेव्हा मी सातवीत होते. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत भाड्याचं घर, नवी शाळा. माझं हिंदी नागपुरी; तोंड उघडलं की वर्ग खिदळायचा. मग मी तोंड उघडणंच सोडलं. वाटायचं, याहून मोठी भीती ती काय असणार?

माझ्या बाकावर सुमन होती. तिच्याजवळ दुसरं कुणी बसत नसे. तिची जात सगळ्या वर्गाला ठाऊक होती, फक्त कुणी बोलून दाखवत नव्हतं. मधल्या सुट्टीत ती मला धडे मोठ्याने वाचायला लावायची. अडखळले तरी हसायची नाही. "फिर से," एवढंच. एकदा ती घरी आली. पप्पांनी सवयीप्रमाणे तिलाही "जय भीम" केलं — आमच्याकडे नमस्कार तोच. ती बघतच राहिली, मग म्हणाली, "जय भीम, अंकल." इतकी खुललेली सुमन मी शाळेत कधी पाहिली नव्हती.

तिच्याच जिवावर मी एके सकाळी प्रार्थनेला माइकवर बोलले. टाळ्या पडल्या. मग पुढच्या बाकांवरच्या मुलींनी मला डबा खायला बोलावलं आणि त्यांच्यातल्या रिद्धिमाने पुरी तोडता तोडता विचारलं, "वैसे तुम लोग होते क्या हो?"

आमच्या आडनावावरून लखनौत कुणाला काही कळत नाही. मी म्हटलं — "पंडित. महाराष्ट्र के."

एका शब्दात ब्राह्मण झाले — किती सोपं गेलं ते! आणि तिथून माझी झोप उडाली. पप्पा शाळेत आले, गेटवरच्या भैयाला जय भीम म्हणाले तर? मी घरी सांगायचे, पालकसभा रद्द झाली. पप्पांना असं लांब ठेवता येत होतं. पण सुमन? तिला तर सगळं माहीत होतं.

अजून मुद्द्याभोवतीच फिरतेय ना मी? सांगते. मी त्या मुलींना सांगितलं की सुमन खोटारडी आहे, कुणाबद्दल काहीही रचून सांगते. तिने माझ्याविषयी काही बोलायच्या आधीच सांगून ठेवलं, म्हणजे पुढे कुणी तिचं ऐकणार नाही. तिने माझं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. मी बाक बदलला. मुली तिला "झूठी" म्हणू लागल्या, पुढे तेच तिचं नाव पडलं. मीही त्याच नावाने हाक मारली. एकदाच नाही.

मग एक दिवस रिद्धिमाने तिला वर्गात सगळ्यांदेखत अडवलं. "ए झूठी, तू तो इसके घर जाती थी ना? कैसे लोग हैं इसके घर में?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरची भीती तिला दिसली असणारच.

"हम कभी नहीं गए," ती म्हणाली.

तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे एवढं एकच खोटं. "देखा, फिर झूठ!" म्हणत मुली हसल्या. मी वाचले होते — मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने.