मुक्कामात मोजणारा धनसिंग

२०२३ साल. माझं वय बहात्तर. त्या वर्षी शेजारच्या तांड्यावरच्या धनसिंगनं मला कोरियातला एक अख्खा तालुका शिकवला. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेला माणूस. आपल्या जिल्ह्यातले तालुके कुणी विचारले तरी मला राग येतो.

धनसिंगची नात तिकडं शेतीचं मोठं शिक्षण घ्यायला गेली होती. ती रोज फोनवर आजोबाला तिथला मुलूख दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात धनसिंग तो आम्हाला दाखवायचा. खिशातून हळकुंडं काढून टेबलावर मांडायचा. हळकुंडं म्हणजे डोंगर, सांडलेला चहा म्हणजे नदी.

"ही भाताची गिरणी. हे सफरचंदाचे मळे. अन् रेल्वे हितून जाती, पण थांबत न्हाई."

"मग तिचा उपयोग काय?" मी विचारायचो.

"किती वाजले ते कळतं की!"

अंतर तो मुक्कामात सांगायचा. त्याचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे. लादलेला बैल दिवसभरात चालेल तेवढा एक मुक्काम. हिंगोली अडीच मुक्काम. मी एकदा मुद्दाम विचारलं, "मग कोरिया किती?"

"मधी समुद्र हाय, बापूराव. बैल काठावरच बसंल."

पण एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नव्हती. तिकडं डोंगरात एकटी म्हातारी राहत असली तरी तिच्यासाठी बस येते म्हणे. इथं तांड्याला बसच नव्हती. आजारी बाईसुद्धा फाट्यापर्यंत तीन किलोमीटर पायी यायची. शेवटी धनसिंग हळकुंडं घेऊन डेपोत गेला आणि साहेबांच्या टेबलावर त्यानं कोरिया मांडला. साहेब हसले, पण तांड्यावरून बाळापूरच्या बाजारापर्यंत सकाळची एक फेरी पंधरा दिवस चालवून बघू म्हणाले. माणसं बसली तर चालू, नाही तर बंद.

तिथून तो थेट माझ्याकडं आला. "तुमी बसत जा. एक माणूस वाढंल."

"पन्नास वर्षं सायकलवर बाळापूर केलं. आता बसमधी बसू काहून? म्हातारा झालो का मी?"

"न्हाई, बैल झाले तुमी. जागचे हलून न्हाई राहिले."

त्या दिवशी मी त्याला चहा पाजला नाही.

तांड्यावरची तरणी माणसं मोटारसायकलवाली. बस कधी अर्धी भरायची, कधी तिच्यात धनसिंग एकटाच. काम असो-नसो, पटका बांधून तो पुढच्या सीटवर. बाळापूरला जायचा, त्याच बसनं परत यायचा. फाट्यावरून मी ओरडायचो, "आज कुठवर, साहेब?" खिडकीतून उत्तर यायचं, "एकच मुक्काम!" सगळं हॉटेल हसायचं. सगळ्यात मोठ्यानं मी.

अकराव्या दिवशी दुपारी त्याच्या छातीत दुखायला लागलं. सकाळची बस कधीच निघून गेली होती. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून त्याला फाट्यापर्यंत आणलं, तिथंच तो गेला.

संध्याकाळी मी तांड्यावर गेलो. त्याच्या बायकोनं फडक्यात बांधलेली हळकुंडं माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, "चार रोज राहिले, गाडीत कोण बसंल, हेच इचारत व्हते."

मी फडकं उचलून खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल हॉटेलामागं लावली आणि तांड्यापर्यंत पायी गेलो. बस आली. पुढची सीट सोडून मागं बसलो. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, कुठं?"

म्हणलं, "बाळापूर. अन् ह्याच गाडीनं परत."