केरबाची विमानातील जागा

केरबा ज्ञानू हसबे यांची व माझी ओळख कतार देशात, उम सईद येथे, खताच्या कंपनीच्या मेसच्या मागील दारात झाली. त्या गावाला आता मेसईद म्हणतात. मी कंपनीचा ड्रायव्हर होतो आणि दोह्याहून भाजीची गाडी आणत असे. केरबा मेसमध्ये आचारी होता. पहिल्याच दिवशी त्याने कोबीचे पोते उघडले, वास घेतला आणि मला विचारले, "पाव्हणं, कोबी आणलीया का कोबीचं मढं?" तो विट्याकडचा व मी आटपाडीकडचा. बोलण्यावरून दोघांनाही ते कळले आणि आमची मैत्री झाली.

मी साठीनंतर प्रौढांच्या वर्गात लिहिण्यास शिकलो. प्रथम कोणाविषयी लिहाल, असे बाईंनी विचारले, तेव्हा वर्गातील बहुतेकांनी आई किंवा वडील असे उत्तर दिले. मी केरबाचे नाव सांगितले. केरबा थोर माणूस नव्हता. ही हकीकत आठवली की मला किळस येते, आणि तिचा काही वाटा केरबाकडेही जातो. परंतु मोठा वाटा इतरांचा आहे, म्हणून सर्व क्रमाने लिहीत आहे.

केरबाचा धाकटा भाऊ धोंडीराम समुद्रापलीकडे अमिरातीत रस्त्याच्या कामावर होता. अंतर फार नव्हते, परंतु साध्या कामगाराला व्हिसा मिळत नसे. दोघांच्याही कंपन्या दोन वर्षांनी एकदा गावी जाण्याची रजा देत. केरबाची रजा उन्हाळ्यात येई आणि धोंडीरामची दिवाळीला. अशा रीतीने सात वर्षे भावांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. आई वारली तेव्हाही केरबा एकटाच गावी होता. धोंडीरामला बातमी कळली, तोवर तेरावे होऊन गेले होते.

सन १९८५ मध्ये आमच्या कंपनीतील कारखानीस साहेबांनी एक बेत आखला. साहेब पुण्याचे, हुद्द्याने इंजिनिअर. कंपनीतील काही हौशी अधिकाऱ्यांनी मिळून चार माणसांचे एक छोटे विमान ठेवले होते आणि वाळवंटात विमानासाठी एक पट्टी सपाट करून घेतली होती. अमिरातीतील एका विमानतळावर त्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास अशा छोट्या विमानांचा मेळा भरणार होता. हौशी लोकांनी आपापली विमाने उडवत तेथे जायचे, विमानाच्या पंखाशेजारी तंबू ठोकून राहायचे आणि दिवसभर आकाशातील कसरती पाहायच्या, असा तो प्रकार होता. विमान चालवणार एक परदेशी इंजिनिअर, सोबत कारखानीस साहेब व त्यांच्या पत्नी शैलजाबाई. चौथी जागा रिकामी होती.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. केरबा व मी कतारला आलो तेव्हा पहिले वर्षभर कंपनीने आम्हाला तंबूतच ठेवले होते. जेवणात वाळू, अंथरुणात वाळू, आणि सकाळी डोळे उघडावेत तर पापण्या चिकटलेल्या. तशाच तंबूत दोन दिवस राहता यावे म्हणून साहेब नवीन टोप्या आणि नवीन बूट खरेदी करत होते. मला ते पाहवत नसे.

कारखानीस साहेबांनी केरबाला घरी बोलावले. गाडी माझ्याकडे असल्यामुळे मी दारात उभा होतो.

"काय केरबा, येणार का विमानातून? आम्हाला स्वयंपाकाला माणूस हवाय. परमिशनमध्ये चौथं नाव तुझं टाकतो."

"सायेब, त्या विमानतळाच्या बाजूलाच माझा भाऊ कामाला हाय."

"मग फारच छान! बोलाव त्याला तिकडे. दोन दिवस गप्पा मारा."

 परत आल्यावर मेसजवळ उतरताच केरबाने माझ्या पाठीत एवढ्या जोराने थाप मारली की मला खोकला आला. "महिपा," तो म्हणाला, "माझा धोंडू भेटतुया रं!" त्याच आठवड्यात अमिरातीस माल घेऊन जाणारा जाफर नावाचा ट्रक ड्रायव्हर मेसमध्ये जेवायला आला. त्याच्या तोंडी केरबाने भावाला निरोप धाडला, की पाडव्याला तंबूपाशी ये.

त्यानंतर बेताच्या बैठका सुरू झाल्या. लहान विमानात किती वजन चढवायचे याला कडक मर्यादा असते. पेट्रोल, माणसे, पाणी, तंबू, विमान जमिनीला बांधून ठेवण्याचे खुंटे, या सर्वांची बेरीज ठराविक आकड्याच्या आत बसावी लागते. हा नियम योग्यच आहे. त्याला मी नावे ठेवत नाही. परंतु तो लागू कसा झाला ते ऐका. परदेशी इंजिनिअरने स्वतःचे वजन तोंडी सांगितले. कारखानीस साहेबांनीही तोंडीच सांगितले, आणि पोटावर हात ठेवून पाच किलो कमी सांगितले. शैलजाबाईंना कोणी विचारले नाही. केरबाला मात्र खताच्या पोत्यांच्या काट्यावर उभे करण्यात आले.

तो काटा गोदामात होता. सभोवती मजूर थांबून पाहत होते. "हलू नकोस. हात खाली," साहेब म्हणाले. वजन झाले. काट्यावरील माणूस दिवसभर पोत्यांवर खडूने आकडे लिहीत असे. त्याने सवयीप्रमाणे केरबाच्या पाठीवर, सदऱ्यावर, आकडा लिहून टाकला. सगळे हसले. साहेब सर्वांत मोठ्याने हसले. केरबाही हसला, आणि तो हसला याची मला त्या दिवशी अतिशय चीड आली.

पुढे दर आठवड्याला सामान वाढत गेले. शैलजाबाईंना जमिनीवर झोप येत नसल्यामुळे घडीची खाट आली. बर्फाची पेटी आली. गाण्यांसाठी टेपरेकॉर्डर आला. आणि दर आठवड्याला साहेब केरबाला सांगत, "अरे, अजून दोन किलो बघ जमतंय का."

जणू केरबाचे मांस हे त्यांच्या सामानापैकीच एक होते. केरबाने रात्रीचे जेवण सोडले. स्वयंपाक सर्वांचा करायचा आणि स्वतः ताक पिऊन उठायचे. डोक्याचे केस बारीक कापले. कमरेचा चांदीचा करदोटाही त्याने काढून माझ्याकडे ठेवावयास दिला.

"केरबा, टक्कल बी कर की," लातूरकडचा रंगनाथ पंगतीत म्हणाला.

"टक्कल केलं तर भाऊ वळखंल का?"

"वळखंल, वळखंल. हाडं तर तीच हायेत न्हवं!"

केरबाचे गाल बसले, परंतु आकडा साहेबांच्या मनाप्रमाणे झाला. येथपर्यंत सर्व ठीक चालले होते. नंतर आमच्याच लोकांनी घाण केली.

आखातात आपल्या माणसांची एक रीत आहे. कोणी गावी किंवा दुसऱ्या मुलखात निघाला, की त्याने सर्वांची पार्सले न्यायची. नाही म्हणायचे नाही. जो नाही म्हणतो त्याच्या घरचे पार्सल पुढे कोणी आणत नाही, आणि त्याचे नाव कॅम्पभर होते. केरबा विमानाने निघाल्याची बातमी पसरली आणि एकेक जण त्याच्या खोलीत येऊ लागला. रंगनाथने पुतण्यासाठी काळा मसाला दिला. रत्नागिरीच्या हमीदने शारजातील मेहुण्यासाठी सुके बोंबील दिले. दिलावर नावाच्या वेल्डरने तर भाकरीचा लोखंडी तवा आणला. होय, लोखंडी तवा! ज्या माणसाला ताकावर जगताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, त्याच्या अंगावर त्यांनी तवा घातला. मी काही दिले नाही. माझे तिकडे कोणीच नव्हते.

"केरबा, तवा परत कर," मी त्याला सांगितले. "तुला जागा मिळायची नाही."

"आरं, शेवटचं वजन झालंय. आता कोन बघतंय? दिलावरला न्हाई कसं म्हनू? गेल्या साली माझं औशीद त्यानंच आनलं व्हतं."

"मग साहेबांना सांग."

"सायेब तवा न्हिऊ देतील व्हय!"

तो या दोन्ही बाजूंना नाही म्हणू शकत नव्हता. साहेबांनी उपाशी राहा म्हटले, तो राहिला. मित्रांनी वाहून ने म्हटले, तो तयार झाला. माणसाने इतके वाकू नये, असे माझे मत आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्याला पट्टीवर नेले. त्याने तवा पोटावर ठेवून त्यावर जुने धोतर गुंडाळले होते. पाठीला मसाला व बोंबील होते. वरून ढगळ सदरा. मार्च महिना असूनही ऊन तापले होते आणि गाडीत असा वास सुटला की मी दोन्ही काचा खाली केल्या. मागे दोन मोठी पातेली होती. त्यांत केरबाने पहाटे शिजवलेले मटण व मसालेभात होता.

पट्टीवर पोहोचलो तेव्हा विमानाजवळ खताच्या गोदामातील काटा आणून ठेवलेला होता. शैलजाबाईंनी आयत्या वेळी दुसरी बर्फाची पेटी आणली होती. मेळ्याला दुबईतील पुण्याची मंडळी येणार होती आणि त्यांना पाडव्याचे श्रीखंड खाऊ घालावयाचे होते. त्यामुळे परदेशी इंजिनिअरने सर्व वजने पुन्हा करा असे सांगितले. सर्व म्हणजे अर्थात केरबाचेच.

केरबाने माझ्याकडे पाहिले. "यल्ला, चढ लवकर," साहेब म्हणाले. तो चढला. काटा एकदम पलीकडे गेला.

"काटा बिघडला वाटतं," साहेब म्हणाले.

इंजिनिअरने स्वतः चढून पाहिले. काटा बरोबर होता. शैलजाबाईंनी नाकाला पदर लावला. "अहो, हा वास कसला येतोय? कुजल्यासारखा?"

"केरबा, सदरा काढ," साहेब म्हणाले.

"सायेब..."

"काढ म्हणतो ना!"

भर उन्हात, एका बाईसमोर, पन्नाशीच्या माणसाने सदरा काढला. धोतर सुटले आणि तवा जमिनीवर पडून वाजला. बोंबलांचे पुडके घामाने फुटले होते, त्याचा चुरा त्याच्या पाठीला चिकटला होता. कातडीखालच्या बरगड्या एकेक मोजता येत होत्या. त्या बरगड्यांकडे कोणी पाहिले नाही. सर्वांचे लक्ष बोंबलांकडे.

"समुद्रावर काही झालं असतं तर? आम्ही सगळे मेलो असतो, कळतंय का तुला?"

हे साहेबांचे म्हणणे खरे होते, आणि केरबाची चूक मोठी होती, हे मी मान्य करतो.

"चुकलं, सायेब. समदं हितंच टाकतो. तसाच येतो, उघडा. पुन्यांदा वजन करा."

साहेबांनी पुन्हा वजन केले असते तर तो आकड्यात बसला असता. ते त्यांनाही कळत होते. ते शैलजाबाईंकडे पाहू लागले. शैलजाबाई दुसऱ्या पेटीकडे पाहत होत्या.

"तिथे खायला मिळतंच म्हणे सगळं," बाई म्हणाल्या. "आणि इतक्या जवळ हा वास घेऊन बसायचं..."

"प्रश्न वासाचा नाही, विश्वासाचा आहे," साहेब म्हणाले. "खलास. केरबा, पुढच्या वेळी."

मग माझ्या डोळ्यांदेखत बर्फाची दुसरी पेटी केरबाच्या जागेवर ठेवण्यात आली आणि तिच्याभोवती पट्टा आवळण्यात आला. पातेली मागच्या बाजूस गेली. केरबानेच ती उचलून दिली, कारण तेथे सामान चढवणारे दुसरे कोणी नव्हते.

संध्याकाळी कॅम्पमध्ये हमीद आला. केरबाला विमानातून उतरवले याबद्दल तो काही बोलेल असे मला वाटले. त्याने पुडके उघडले आणि म्हणाला, "अरे, बोंबलांचा भुगा केलास की!" दिलावरने तवा पालथा करून बघितला आणि त्याला पोचा तर आला नाही ना, याची खात्री करून घेतली. केरबा दोघांची माफी मागत राहिला. मी तेथून उठून गेलो. तेथे बसणे मला शक्य नव्हते.

तीन दिवसांनी साहेबांना पट्टीवरून घरी नेण्याचे काम माझ्याकडे आले. वाटेत दोघे मेळ्याच्याच गोष्टी बोलत होते: विमाने उलटी कशी उडाली, पंखाला पंख लावून तंबू कसे उभे होते, श्रीखंड सर्वांना कसे आवडले. मी न राहवून विचारले, "साहेब, केरबाचा भाऊ आला होता का?"

साहेबांनी थोडा विचार केला. "आला होता बहुतेक. दोरीच्या पलीकडे एक जण उभा होता खरा, कामाच्या कपड्यात. बराच वेळ होता, नाही गं? मी हात केला त्याला. पण आत सोडत नव्हते, आणि आमचे फोटो चालले होते."

"त्या मटणाचं काय झालं?"

"फेकावं लागलं," शैलजाबाई म्हणाल्या. "श्रीखंडाने दोन्ही पेट्या भरल्या होत्या."

मी गाडी चालवत राहिलो. चालत्या गाडीत थुंकू नये असा कंपनीचा नियम होता, तो मी पाळला.

दोघे भाऊ पुढे तीन वर्षांनी गावी भेटले, तेही धोंडीरामचा पाय कामावर मोडून तो कायमचा परत गेला म्हणून. केरबाही मागोमाग राजीनामा देऊन गेला. आता तो हयात नाही. त्या दिवशी पट्टीवर काय झाले, हे त्याने धोंडीरामला सांगितले होते की नाही, मला ठाऊक नाही. जे मी स्वतः ऐकले तेवढेच लिहितो. विमानाचे दार लागण्यापूर्वी केरबा उघड्या अंगाने पंखाखाली वाकला आणि कारखानीस साहेबांना म्हणाला, "सायेब, माझा भाऊ तंबूपाशी यील. त्याला जेवाया घाला."