खाल्लेलं अंगी लागू नये म्हणून

रक्त काढण्यासाठी मी दंडाला रबर बांधलं आणि शीर चाचपायला लागले. हाताला काही लागत नव्हतं. कातडीखाली नुसती चरबी. दुसऱ्या हाताला बघू म्हणून मी मान वर केली, तर शेवंताबाई बसल्या बसल्या झोपून गेली होती. सुई टोचली तरी तिला जाग आली नाही. सुई काढल्यावर तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "बाई, म्या झोपले न्हवते."

हे बहात्तरच्या दुष्काळातलं. नगरच्या एका दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते, बायकांच्या सर्जरी वॉर्डात. शेवंताबाई सोनईजवळच्या एका वस्तीवरून आली होती, ती भाजलेला हात घेऊन. भाकरी टाकताना चुलीपुढेच तिला झोप लागली आणि हात तव्यावर पडला. वय तिशीच्या आतबाहेर. ती इतकी जाड होती की आमच्या वॉर्डातला वजनकाटा तिला पुरला नाही. शेवटी कोठीतल्या धान्याच्या काट्यावर तिचं वजन करावं लागलं. ते करताना मी कोठीचं दार लावून घेतलं होतं, तरी बाहेर जमलेल्या बायका हसल्या, ते आत ऐकू आलं.

आमचे सर्जन डॉ. दीक्षित तेव्हा नुकतेच परदेशातून शिकून आले होते. हात तपासायला आले आणि हात सोडून ते तिची मानच बघत राहिले.

"सिस्टर, या बाई रात्री कशा झोपतात?"

"भिंतीला टेकून, बसून. आडव्या झाल्या की घुसमटतात."

असा माणूस रात्री झोपतच नाही. मानेभोवतीच्या आणि छातीवरच्या चरबीनं श्वास अडतो, दचकून जाग येते, पुन्हा डोळा लागतो, पुन्हा श्वास अडतो. रात्रभर हेच. मग दिवसा तो कुठंही झोपतो. डॉक्टरांचं म्हणणं होतं की असंच चाललं तर एखाद्या रात्री श्वास अडेल आणि जाग येणारच नाही. वजन उतरवायचं एक नवं ऑपरेशन ते शिकून आले होते. आमच्याकडं ते आधी कुणी केलेलं नव्हतं.

शेवंताबाईच्या नवऱ्याला, रंगनाथला, बोलावून घेतलं. तो गुरांच्या छावणीवरून आला होता. धोतराला वैरणीचं कुसळ लागलेलं. डॉक्टरांनी कागदावर आतडं काढून दाखवलं.

"ही एक लांब नळी आहे असं समजा. खाल्लेलं अन्न हिच्यातून जाताना अंगात शोषलं जातं. आपण नळीचा सुरुवातीचा तुकडा घ्यायचा आणि तो थेट शेवटाशी जोडायचा. मधली नळी पोटातच राहील, पण अन्न तिच्यातून जाणार नाही."

"म्हंजे खाल्ल्यालं अंगी लागनार न्हाई?"

"फार थोडं लागेल."

रंगनाथनं कागदावरच्या नळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "औंदाच करायचं का?"

बाहेरच्या व्हरांड्यात तेव्हा खडी फोडून हाताला गळवं झालेल्या बायका बसल्या होत्या. त्यांच्या काखेतली पोरं सरकारनं वाटलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी चघळत होती. त्या वर्षी अख्खा जिल्हा खायला काय मिळेल या विवंचनेत होता, आणि आम्ही एका माणसाला सांगत होतो की तुझ्या बायकोनं खाल्लेलं वाया जायला हवं.

"जगंल ना ती?" एवढंच त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक." रंगनाथनं सही केली आणि तो छावणीवर परत गेला. बैलांजवळ दुसरं कुणी नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी थोडं वजन उतरवायचं होतं आणि छाती तयार करायची होती. जाड माणसाला भूल देणं अवघड असतं आणि नंतर छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. म्हणून पाणी भरलेल्या बाटलीत रबराची नळी सोडून तिला फुंकायला लावायचे. व्हरांड्यातून फेऱ्या मारायला लावायचे. जेवणात ताक, पातळ पेज, पालेभाजीचं पाणी. शेजारच्या खाटेवरच्या बायकांना मात्र अंगात रक्त भरावं म्हणून दूध, अंडं असा खुराक होता. एक जण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "दुष्काळ हिच्या घरला गेलाच न्हाई वाटतं." शेवंताबाईनं ते ऐकलं. वाटी घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली आणि तसंच जेवली. पुढं रोज ती भिंतीकडं तोंड करूनच जेवायची.

एकदा ड्रेसिंग करताना मी तिला विचारलं, "घरी पण असंच जेवता?"

"घरी म्या सगळ्यांच्या मागनं जेवते. येकटी. लोकं घास मोजत्यात, बाई. म्या चोरून खाते आसं त्यांना वाटतं." मग म्हणाली, "दुष्काळी कामावर बी गेल्ते म्या. मुकादम म्हनला, खडी फोडाया आलीस का खडीवर बसाया. समद्या बाया हासल्या. म्या माघारी आले."

ऑपरेशन लांबलं, पण पार पडलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा शर्ट घामानं भिजला होता. पुढचे दिवस आमचे, म्हणजे नर्सांचे. जाड माणसाची जखम लवकर भरत नाही. चरबीच्या थरात पाणी साठतं, टाके उसवतात. तिचेही उसवले. रोज ड्रेसिंग, रोज कुशीवर वळवणं, पोटावर उशी दाबून खोकायला लावणं. जुलाब सुरू झाले. ते होणारच होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला उठवेना, तेव्हा खाटेवरच बेडपॅन द्यावं लागे. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून खाटा सरकवून घ्यायच्या.

दुपारी भेटीची वेळ झाली की सगळ्या खाटांभोवती माणसं जमायची. शेवंताबाई झोपलेली असायची. मला ते आधी नेहमीचंच वाटलं. पुढं वजन उतरलं, ती आडवी होऊन झोपायला लागली, दिवसाची झोप गेली. तरी भेटीच्या वेळी ती झोपलेलीच. मग मी नीट पाहिलं. पापण्या हलत होत्या. रंगनाथ महिन्यातून एकदा यायचा, तोही पाण्याच्या टँकरवर बसून. बाकी कुणी येत नव्हतं. माझंही नगरात कुणी नव्हतं. ड्यूटी संपली की क्वार्टरच्या खोलीत मी स्टोव्हवर एकटीपुरता भात लावायचे. त्यामुळं ती झोपेचं सोंग का घेते, ते मला वेगळं सांगावं लागलं नाही.

जखम भरली. डिस्चार्जच्या दिवशी ती वॉर्डातल्या काट्यावर उभी राहिली आणि काटा पुरला. डॉक्टर खूश होते. गोळ्या, टॉनिक, दर महिन्याला तपासणी, सगळं मी रंगनाथला दोनदा समजावून सांगितलं. पहिल्या महिन्यात ती आली. पुढं आली नाही. मी पोस्टकार्ड टाकलं, उत्तर आलं नाही.

उन्हाळ्यात दवाखान्याची जीप दुष्काळी कामांवर कॉलऱ्याची लस टोचायला जायची. सोनईजवळच्या घोडेगावच्या बाजूला जायची पाळी आली तेव्हा मी मागून घेतली. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायकांची लांब रांग होती. मी लस टोचत टोचत पुढं सरकत होते. एका बाईनं मला बघून पदर तोंडावर ओढला, म्हणून मी थांबले. नाहीतर शेवंताबाईला मी ओळखलंच नसतं. गालफडं बसलेली, केस विरळ, कोपराची हाडं वर आलेली.

"बाई, रागवू नगा. यायचं हुतं, पर खाडा पडतो."

तिच्या शेजारी चंद्रभागा म्हणून एक बाई होती, पाथर्डीकडची. एरवी ऊसतोडीला जाणारी. त्या वर्षी ऊसच नव्हता, म्हणून नवरा-बायको खडीवर आले होते. जेवायची सुट्टी झाली, सरकारी सुकडीचा खाऊ वाटून झाला. बायका गोल करून बसल्या आणि चंद्रभागानं हाक मारली, "शेवंता, ये की, सुकडी निवली." शेवंता जाऊन त्यांच्यात बसली. तोंड सगळ्यांकडं करून. दोन घास खाल्ले, कुणाच्या तरी बोलण्यावर हसली. मग एकदम उठून बाभळींच्या आड गेली. परत येईपर्यंत बायकांनी तिची जागा मोकळी ठेवली. काम सुरू झाल्यावर मी पाहिलं, चंद्रभागा आपल्या ढिगातली खडी पाटीनं तिच्या ढिगावर टाकत होती. मजुरी ढिगाच्या मापावर मिळायची.

मी शेवंताचे डोळे पाहिले. पिवळट होते. पाय दाबला तर बोटाचा खड्डा तसाच राहिला.

"अंधार पडल्यावर दिसतं का?"

उत्तर चंद्रभागानं दिलं. "दिवा लागला की म्या हात धरून नेते तिला."

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते पुढच्या जीपनं स्वतः आले. उन्हात, खडीवर रुमाल टाकून तिच्यासमोर बसले. तपासून झाल्यावर म्हणाले, "शेवंताबाई, लिव्हर खराब होतंय. अन्न अंगी लागू नये असं आपण केलं होतं, ते फार जास्त झालं. आतडं होतं तसं परत जोडावं लागेल."

"मंग म्या पुन्यांदा तशीच हुनार?"

"बहुतेक होणार."

"मंग नगं."

"नाही केलं तर तुम्ही जगणार नाही."

"ठावं हाय. पर आत्ता मला हितं समदी हाक मारत्यात, डाक्टर. घरी आसं कुनी बोलवत न्हवतं मला. जाड झाले की पुन्यांदा भिंत."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी तिला काय वचन देणार? मी ड्यूटीवरची बाई.

चंद्रभागा हातोडी खाली ठेवून म्हणाली, "तू जाड झालीस तर आमी काय उठून जानार हाय का?"

"तुमीबी हासला हुता. मुकादमानं मला माघारी लावली तवा."

चंद्रभागानं पदरानं तोंड पुसलं. बाकीच्या बायकाही हात थांबवून बघत होत्या. मला वाटलं ती नाही म्हणेल, हसलोच नव्हतो म्हणेल.

"व्हय, हासले म्या," ती म्हणाली. "तवा तू कोन ते मला म्हाईत नव्हतं. आता म्हाईत हाय. ऊठ. म्याबी येते जीपमदी."

शेवंता लगेच उठली नाही. हातातला दगड तिनं फोडून पुरा केला, खडी ढिगावर टाकली, मग उठली. चंद्रभागानं त्या दिवसाची मजुरी सोडली आणि जीपमध्ये मागं तिचा हात धरून बसली.

आधी ड्रिप, इंजेक्शनं, दूध यांनी तिच्यात ताकद भरली, मग ऑपरेशन केलं. आतडं पूर्ववत जोडलं. ती वाचली. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, रात्रीचं दिसायला लागलं. ती वॉर्डात असतानाच पाऊस झाला आणि दुष्काळी कामं बंद झाली. चंद्रभागा एकदा भेटीच्या वेळी येऊन गेली, गावाकडं जातो म्हणून सांगायला. दोघींनी एका ताटलीत वॉर्डातला भात खाल्ला. वॉर्डाच्या नियमात ते बसत नव्हतं. मी दुसऱ्या खाटेकडं वळले.

पुढं शेवंता वर्षाकाठी एकदा ओपीडीत यायची. एकटीच. वजन परत चढलं होतं, पूर्वीइतकं नाही तरी बरंच. पुन्हा बाकावर बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. एकदा मी चंद्रभागाची चौकशी केली.

"कारखान्याला गेली, कोयता घेऊन. सहा-सहा महिनं तिकडंच आसती."

"भेट होते का?"

"घोडेगावच्या बाजारात गाठ पडली एकदा. तिनं लांबनंच वळखलं मला." मग म्हणाली, "तिला गाडी गाठायची हुती. बसलो न्हाई."

"आणि घरी?"

"घरी काय. हाय तसंच."

डॉक्टर दीक्षितांनी ते ऑपरेशन आमच्याकडं पुन्हा केलं नाही. पुढं त्यात खूप सुधारणा झाल्या, आता जी होतात ती वेगळी आणि बरीच सुरक्षित, असं मी वाचते. माझी नोकरी त्यानंतरही बरीच वर्षं चालली. वजन उतरवायला कुणी आलं की डॉक्टर काय खाता, किती खाता हे विचारायचे. मी मागाहून विचारायचे, जेवायला बरोबर कोण असतं? बहुतेक जण आधी गोंधळायचे. मग 'कुणी नाही' असंच उत्तर जास्त वेळा यायचं. त्यावर आमच्या फार्मसीत काही मिळत नव्हतं. पण ज्यांना विचारलं, ते पुढच्या तारखेला परत यायचे.