लेम्पीने ताणलेलं छप्पर

लेम्पी कोस्केलाने एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. दोनशे पोरांचं जेवण, दोघांनी मिळून उचलायची पातेली, आणि लेम्पीची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. तरी त्या चुलीपाशी तिला "बाजूला हो, मी करतो" असं कोणी कधी म्हटलं नाही. म्हणायची कोणाची टाप नव्हती.

ट्रेलरपाशी मात्र ती मुकाट बाजूला व्हायची. दर जूनमध्ये, युहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाला, कोस्केला मंडळी सुपीरियर सरोवराच्या काठी हेरिंग पॉइंटच्या वाळूत आपले राहायचे ट्रेलर नेऊन उभे करत. पोचलं की लेम्पीचा नवरा वाइनो आधी ट्रेलरच्या कडेला नळीवर गुंडाळलेलं कापडी छप्पर उलगडायला घ्यायचा. सहा फूट दोन इंचांचा गडी, उभा जन्म लोखंडाच्या खाणीत गेलेला. तो आकडीची काठी घेऊन उभा राहिला की लेम्पी खुर्च्या काढायची, टेबल पुसायची, आणि छप्पर ताणून झालं की त्याच्याखाली कॉफी ठेवायची. अशी सव्वीस वर्षं झाली.

त्या वर्षी मार्चमध्ये वाइनो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पत्र्यावरचा बर्फ काढायला चढला आणि बर्फाबरोबर तोही खाली आला. खांदा मोडला. जूनपर्यंत हात गळ्यातल्या झोळीतच होता. जावयाने आपल्या गाडीला जोडून ट्रेलर हेरिंग पॉइंटला आणला, जागेवर लावला आणि तो कामावर परत गेला. राहिले दोघं, आणि लेम्पीने मागून चालवत आणलेली त्यांची गाडी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पंधरा माणसं जेवायला यायची होती, कारण वाइनोच्या हिल्मा मावशीला नव्वद वर्षं पूर्ण होत होती.

मावशीची अट एकच होती. कपाळावरची एक गाठ नुकतीच काढलेली, डॉक्टरने उन्हात बसायला मनाई केलेली. तिने फोनवर सांगितलं होतं, "सावली असेल तर येते. नसेल तर माझ्या नावाचा केक माझ्या घरी पाठवा."

"अर्वो लावून देईल छप्पर," जेवणाच्या दिवशी सकाळी वाइनो म्हणाला. अर्वो त्याचा धाकटा भाऊ. त्याचा ट्रेलर शेजारीच उभा होता आणि त्याचं छप्पर कालच ताणून झालं होतं. सकाळी सहाला "आलोच तासाभरात" म्हणून तो होडी घेऊन मासे पकडायला गेला होता.

दहा वाजले. पाण्यावर होडीचा ठिपकासुद्धा दिसेना. बटाटे उकडून झाले, धुरावलेला मासा ताटात मांडून झाला, वेलदोड्याचा पाव कापून झाला. ऊन टेबलावर येऊन बसलं.

लेम्पीने हात पुसले आणि ट्रेलरमधून आकडीची काठी बाहेर काढली.

"काय करतेस?" खुर्चीतून वाइनो.

"दिसत नाही का? छप्पर काढते."

"अगं, तुझा हात पोचणार नाही तिथवर."

"माझा नाही पोचत. काठी पोचते."

"स्प्रिंग असते त्या नळीत. बोट सापडलं तर जागेवर राहणार नाही."

"मग बोट घालत नाही. पुढे?"

वाइनो खुर्चीत पुढे सरकला. मग घसा खाकरून म्हणाला, "दोन्ही बाजूंच्या दांड्यांच्या खिट्ट्या आधी उघड. मग दांड्यांमागच्या मुठी सैल कर."

तिने खिट्ट्या उघडल्या. मुठी गंजून बसल्या होत्या. डावी फिरली. उजवी फिरेना, तेव्हा तिने भांडी घासायचा ओला फडका तिच्याभोवती गुंडाळला आणि बरणीचं झाकण उघडावं तशी ती पिळली. कर्र करून मूठ सुटली.

मग तिने काठीची आकडी मधोमध लोंबणाऱ्या पट्ट्यात अडकवली आणि ओढलं. छप्पर ढिम्म हललं नाही. तिने आणखी जोर लावला. शेवटी दोन्ही पाय वाळूतून उचलून ती त्या काठीला लटकली, तरी छप्पर जागचं हलेना.

समोरच्या ट्रेलरमधली वर्ना कॉफीचा मग घेऊन पायरीवर येऊन बसली. "लेम्पी, झोका बांधलायस का गं?" तिने विचारलं.

वाइनोला हसू आवरेना. हसताना खांदा दुखत होता, तरी तो हसत होता. "खटका! खटका फिरवला नाहीस!"

"कुठला खटका?"

"नळीच्या उजव्या टोकाला."

"माझ्या उजव्या की तुझ्या उजव्या?"

"अगं, छपराच्या उजव्या!"

शेवटी खटका सापडला. तिने काठीच्या टोकाने तो 'उलगडा'च्या बाजूला ढकलला, पुन्हा पट्टा धरला, ओढला, आणि काय आश्चर्य, छप्पर सर्रकन बाहेर आलं. इतकं सहज आलं की ती बेसावध राहिली. काठी हातातून निसटली, आतल्या स्प्रिंगने हिसका दिला आणि हातभर आलेलं कापड धाडकन परत नळीवर जाऊन आदळलं. वर्नाच्या हातातली कॉफी सांडली.

"राहू दे आता," वाइनो म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं. "खरंच राहू दे. मावशीला आत बसवू."

"पंधरा माणसं आत बसवतोस? कुठे, संडासात?"

लेम्पीला राग आला होता आणि तो वाइनोवर नव्हता. हे काम तिने सव्वीस वेळा डोळ्यांसमोर होताना पाहिलं होतं, पण एकदाही नीट बघितलं नव्हतं. कॉफी ठेवण्यात तिचं लक्ष असायचं. ती दोन मिनिटं नुसती उभी राहिली. नळी कुठून सुटते, दांडा कुठे सरकतो, कुठल्या मुठीवर काय अडतं, हे तिने खालपासून वरपर्यंत डोळ्यांनी वाचून काढलं, जसं नवं यंत्र स्वयंपाकघरात आलं की वाचायची तसं.

तिसऱ्या वेळी तिने काठी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली आणि ओढत न बसता सरळ मागे चालत गेली, एकेक पाऊल. छप्पर तिच्यामागून आलं. पांढरे-हिरवे पट्टे, अख्खं आठ फूट. पट्टा हातात धरून ठेवून तिने आतले आडवे दांडे वर सरकवले, कापड ताणलं आणि मुठी पिळल्या. मग बाहेरचे दोन उभे दांडे. उजवा एक वीत वर, मग डावा एक वीत वर, पुन्हा उजवा. तिच्या उंचीला जमेना तेव्हा बटाट्यांचं खोकं उलटं घालून ती त्यावर चढली. आणि शेवटी डावा कोपरा तिने मुद्दाम हातभर खाली ठेवला.

"वाकडं झालं," वाइनो म्हणाला.

"पाऊस आला तर पाणी कुठून जाईल? तुझं दरवर्षी सरळ असतं आणि दरवर्षी मध्ये तळं साचतं."

वर्नाने पायरीवरून टाळ्या वाजवल्या. लेम्पी छपराखाली आली. हिरवट उजेड तिच्या हातांवर पडला होता. हीच सावली, हेच कापड. पण आज तिला त्याच्याखाली बसवेना, हिंडून हिंडून चारही कोपरे बघावेसे वाटत होते.

पण तिचं मन भरलं नव्हतं. तिचा बाप याच काठावर जाळी टाकायचा, आणि पाण्याचा रंग बघायला ती लहानपणीच शिकली होती. पश्चिमेला पाणी शाईसारखं काळं पडलं होतं.

"वारा फिरलाय," ती म्हणाली.

"हवा चांगली आहे म्हणून रेडिओवर सांगितलं."

"रेडिओ त्यांच्या गावात बसलाय."

वाइनो दांड्यांचे पाय ट्रेलरच्या अंगालाच अडकवून ठेवायचा. लेम्पीने ते सोडवले आणि जमिनीवर रोवले, म्हणजे छपराखाली ऐसपैस जागा झाली. पायांत तिने खुंट्या ठोकल्या. पण भुसभुशीत वाळूत खुंटी बोटाने उपटून येते, हे तिला ठाऊक होतं. बाप जाळ्यांचे दोर कसे बांधायचा ते तिला आठवलं. तिने बटाट्यांची दोन रिकामी गोणपाटं घेतली, वाळूने गच्च भरली, तोंडाला दोर बांधला आणि बाहेरच्या प्रत्येक कोपऱ्यापासून थोडं पुढे, गुडघाभर खड्ड्यात ती आडवी पुरली. वरून वाळू लोटून पायांनी तुडवली. दोराचं दुसरं टोक छपराच्या कोपऱ्याला, झटक्यात सुटेल अशा गाठीने.

ती तुडवत असतानाच अर्वो होडीवरून आला. हातात दोन मासे, तोंडावर हसू.

"काय पुरतेस? मांजर मेलं का?"

"तू वेळेवर आला असतास तर तुलाच पुरलं असतं," लेम्पी म्हणाली.

"अगं, एवढा खटाटोप! माझं बघ, चार खुंट्या मारल्या, काम झालं. आणि हे वाकडं कोणी लावलं?"

"मी. आणि ते तसंच असतं."

बाराला मंडळी जमली. हिल्मा मावशीला दोघांनी हाताला धरून आणलं आणि बरोबर मधोमध खुर्चीत बसवलं. मावशीने वर बघितलं. "या वेळी कापड सुरकुतलेलं नाही, वाइनो. सुधारलास."

"मी नाही लावलं, मावशी. लेम्पीने लावलं."

"मग बरोबर," मावशी म्हणाली आणि माशाचं ताट जवळ ओढलं.

केक कापायला घेतला आणि तेवढ्यात काठावरचे सगळे पक्षी एकदम गप्प झाले. पाण्यावरून पांढरी रेघ धावत येताना दिसली आणि पहिला झोत आला. कागदी ताटं उडाली. छप्पर पोट फुगवून वर उचललं गेलं, दोन्ही दोर तटतटून ताणले गेले, आणि दोन्ही गोण्यांनी दम धरला. एक खुंटीसुद्धा हलली नाही. पावसाची सर आली ती डाव्या कोपऱ्यातून धबधब्यासारखी बाहेर पडली. खाली बसलेली पंधरा माणसं कोरडी.

"बघा!" वाइनो ओरडला. "बघा, कसं धरलंय!"

पण लेम्पीचं लक्ष दोरांवर नव्हतं, पाण्यावर होतं. मागून येत होतं ते याच्या चौपट होतं.

"उठा सगळे," ती म्हणाली. दोनशे पोरांना एका हाकेत रांगेत उभं करणारा आवाज होता तो. "मावशीला आत न्या. केक आत. अर्वो, तो दोर सोड, टोक ओढ, गाठ आपोआप सुटेल. मग जाऊन तुझं छप्पर गुंडाळ."

"काही होत नाही गं, पन्नास वर्षं हा वारा बघतोय मी..."

"दोर, अर्वो!"

त्याने दोर सोडला आणि आपल्या छपराकडे न वळता आत पळाला. दुसरा तिने सोडला. खुंट्या उपटल्या, पाय ट्रेलरच्या अंगाला लावले, दांडे खाली उतरवले, मुठी सैल केल्या. खटका 'गुंडाळा'वर. काठी पट्ट्यात. स्प्रिंग कापड खेचू लागली, वारा त्याला वर खेचू लागला, आणि मध्ये लेम्पी पोटाशी काठी धरून एकेक पाऊल पुढे चालत राहिली. तोंडावर पाऊस मारत होता. तिने पाऊल चुकवलं नाही. नळी जागेवर बसली. दोन्ही खिट्ट्या लागल्या. मुठी पिळल्या. ती दारातून आत शिरली आणि वाइनोने चांगल्या हाताने दार ओढून घेतलं.

आणि मग तो वारा आला. ट्रेलर गदगदा हलला. पंधरा माणसं मांडीला मांडी लावून बसली होती आणि खिडकीतून सगळ्यांनी एकदमच बघितलं: अर्वोच्या छपराच्या चारही खुंट्या केकमधल्या मेणबत्त्यांसारख्या उपटल्या गेल्या, छप्पर उलटं झालं आणि ट्रेलरच्या टपावरून पलीकडे जाऊन पडलं. त्याचे दांडे आकाशाकडे पाय केलेल्या टोळासारखे उभे राहिले.

मग हिल्मा मावशी म्हणाली, "अर्वो, तुझं पण मांजर मेलं की रे."

ट्रेलर पुन्हा हलला, पण या वेळी हसण्याने.

पाऊण तासात ऊन पडलं. वाळूतून वाफा निघत होत्या. लेम्पी बाहेर आली, तिने काठी घेतली आणि सगळ्यांच्या देखत छप्पर पुन्हा काढलं. कोणी मदतीला पुढे झालं नाही. सगळे अर्धवर्तुळात उभे राहून नुसते बघत होते, चर्चच्या बाहेर नवरीला बघतात तसे. वाइनो घड्याळ बघत होता.

"चार मिनिटं," तो म्हणाला. "मला दहा लागायची." मग जरा थांबून, "बारा."

अर्वो टोपी हातात घेऊन आला. "माझं टपावरून खाली घ्यायचंय. दांडा वाकलाय. तू... सांगशील का कसं घ्यायचं?"

लेम्पीला टोमणा मारायला जागा होती. तिने तो मारला नाही. "आधी नळी बांधून टाक, नाहीतर स्प्रिंग सुटेल आणि हात मोडेल," ती म्हणाली. "मी येते. वाकलेला दांडा सोडवून काढू, दुसरा मिळतो." आणि ती निघाली. वाटेत वर्नाने हाक मारली, तिच्या पलीकडच्या म्हाताऱ्यानेही मारली, आणि संध्याकाळपर्यंत लेम्पीने किनाऱ्यावरची पाच छपरं बघून दिली. खटका कुठला, कोपरा किती खाली, गाठ कुठली, हे तिने मोठमोठ्या मिशीवाल्यांना असं समजावलं की ते "हो लेम्पी, हो लेम्पी" करत राहिले.

परत आली तेव्हा टेबलावर कॉफी तयार होती. वाइनोने एका हाताने केली होती. निम्मी पूड ओट्यावर सांडलेली, आणि चव शाईसारखी. लेम्पीने बूट काढले, पाय समोरच्या खुर्चीवर टाकले आणि ती प्याली.

"जावयाला फोन केला मी," वाइनो म्हणाला. "रविवारी ट्रेलर न्यायला येऊ नको म्हटलं."

"का?"

"तू म्हणायचीस ना, पश्चिमेला जाऊन त्या मोठ्या कुरणांमधून हिंडायचं. मी म्हणायचो, जमणार नाही." तो कपात बघत होता. "ट्रेलर जोडून गाडी तू चालवशील?"

लेम्पीने आणखी एक घोट घेतला, घाई न करता.

"मंगळवारी निघू," ती म्हणाली. "उद्या मला ट्रेलर जोडायचा आकडा नीट बघू दे."