पंपाच्या आवाजाआड

मुरुडच्या अलीकडे एका नारळी-पोफळीच्या वाडीत पहाटे पंप सुरू झाला की शेजारपाजारचे लोक कूस बदलायचे. 'क्रांती उठली' असं म्हणायचे आणि परत झोपायचे. पंप जुना. विहिरीच्या कठड्यालगतच्या पत्र्याच्या खोपटात बसवलेला. त्याची घरघर अशी की खोपटाशी उभं राहून कुणी कुणाला शिव्या दिल्या असत्या तरी चार माडांपलीकडे पत्ता लागला नसता. क्रांती शिव्या देत नव्हती. ती तिथे गात होती.

गात होती म्हणणं जरा जास्तच झालं. धुण्याच्या दगडावर बसून ती एकच सूर धरायची, खालचा सा, आणि दम संपेपर्यंत सोडायची नाही. दम घ्यायचा, पुन्हा तोच. याला खरज म्हणतात. ऐकणाऱ्याला यात काडीची गोडी नसते आणि करणाऱ्यालाही पहिले काही महिने नसतेच. पण त्या एका सुरासाठी क्रांतीला रात्री अंथरुणावर पडल्यापासून सकाळची ओढ लागायची. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला ओढ लागावी असं तिच्या सकाळीत दुसरं होतं तरी काय? दूध तापवा, पाट सोडा, पाहुण्यांचे पोहे भिजवा.

तिचं माहेर तळं या गावचं. शाळेत असताना ती रामचंद्रबुवांकडे भजन शिकायला जायची. बुवा पेटीवर बसले की गावातली सगळी पोरं वरच्या पट्टीत ओरडायची, ही एकटी खाली जायची. बुवा म्हणायचे, "पोरी, तुझा गळा विहिरीवानी हाय. खाली जाशील तेवढं पानी." मग लग्न झालं आणि ती इकडे आली. धनेशच्या घराला तेव्हाच 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' अशी पाटी लागलेली होती. पहिल्याच महिन्यात कणीक मळताना ती गुणगुणत होती, तर पडवीतून सासूबाईंचा, जनीचा, आवाज आला, "सूनबाई, पाहुनं हायत." एवढंच. रागावून नाही, साधं सांगितलं. पण नव्या सुनेला तेवढं पुरतं. त्या दिवसापासून तो गळा पाहुण्यांना जेवायला हाक मारण्यापुरता उरला.

तीन-एक वर्षांपूर्वी भाऊ केतनच्या घरी लग्न होतं, म्हणून ती तळ्याला गेली. बुवा ओट्यावर बसले होते, डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आलेला. ती पाया पडून म्हणाली, "कसे आहात बुवा?" आणि म्हाताऱ्यानं नाव न विचारता तिचा हात धरला.

"गळा काय म्हनतो?"

"आता कुठला गळा, बुवा."

बुवा म्हणाले, "वरीसभर रोज पहाटे खरज लाव. येक बी दिस सोडू नको. मंग मला ऐकवायला ये. मी हाय तवर ये."

येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून रडली. शेजारच्या बाईला वाटलं माहेर सुटल्याचं रडू आहे. एका अर्थी तसंच होतं.

आता पहाटे उठण्याचं म्हणाल, तर त्याचं क्रांतीला काय कौतुक! फोनवर कोणी ना कोणी गोरागोमटा माणूस तिला रोज सांगायचा, पाचला उठा, आयुष्य बदलेल. ती लग्न झाल्यापासून पाचलाच उठत होती. आयुष्य होतं तिथेच होतं, फक्त दूध वेळेवर तापत होतं. अडचण उठण्याची नव्हतीच, आवाजाची होती. तीन खोल्यांत पाहुणे, पडवीत सासूबाई, मधल्या घरात धनेश. अशा घरात बाईनं पहाटे आऽऽ लावला तर कुणाला तरी भूत लागलं म्हणून लोक अंगारा घेऊन धावले असते. तिनं तोंडावर उशी धरून पाहिलं. मोरीत नळ सोडून पाहिलं. चार दिवस समुद्रावर गेली, तर तिथे चालायला येणारे ओळखीचे निघाले आणि जो तो थांबून विचारायचा, "काय वैनी, बरं हाय ना?"

मग एका पहाटे वाडी शिंपायला पंप लावला आणि ती तिथेच थबकली. पंपाच्या घरघरीत एक सूर होता, खालचा, न हलणारा. तिनं हळूच आपला आवाज त्याच्यात सोडला. कुणालाच काही कळलं नाही. तिला स्वतःलासुद्धा कानात नाही, छातीत ऐकू आलं. पाट भरून एकेका माडाच्या आळ्यात पाणी जाईपर्यंत ती तिथे बसली. उठली तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या आणि चेहऱ्यावर हसू होतं, जे तिनं घरात शिरण्याआधी पदरानं पुसून टाकलं.

त्यानंतर पंप हाच तिचा तंबोरा. व्होल्टेज उतरलं की पंपाचा सूर बसायचा आणि त्याच्याबरोबर बाईसाहेबांचा 'सा'सुद्धा बसायचा. पावसाळ्यात वाडीला पाणी लागत नाही, तेव्हा टाकी भरण्याच्या निमित्तानं ती पंप लावायची. टाकी भरून पागोळ्यांसारखी वाहायची आणि धनेश म्हणायचा, "अगं, पाऊस काय कमी आहे का, म्हणून वरून तूही ओततेस?"

पण बुवांनी सांगितलं होतं, एकही दिवस सोडू नको. क्रांती पडली सरळमार्गी. शब्द म्हणजे शब्द. एकदा वाऱ्यानं खांब आडवा झाला, वीज गेली, पंप बंद, खरज नाही. तिनं वर्ष पुन्हा पहिल्यापासून धरलं. एकदा तापानं पडली, पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्यात पाहुण्यांना पहाटेच बोटीसाठी निघायचं असायचं, पोहे करता करता उजाडायचं, पुन्हा पहिल्यापासून. असं तिचं वर्ष भरतच नव्हतं. केतन फोनवर विचारायचा, "बुवा इचारत व्हते, क्रांती कवा येनार?" ती म्हणायची, "वर्ष तर होऊ दे रे." आणि फोन ठेवल्यावर तळ्याचा तो ओटा तिच्या डोळ्यांसमोरून हलायचा नाही. आपण समोर बसलोय, बुवांनी मान खाली घातलीय, आपण सा लावतोय. इतकंच तिला हवं होतं. शाबासकीसुद्धा नको होती.

यंदा दिवाळीनंतर धनेशनं पंप बदलला. पाहुण्यांची तक्रार होती, पहाटे झोपमोड होते. त्यानं विहिरीत बुडवायची नवी मोटर आणली. फिटर साहिलनं ती दोरानं पाण्यात सोडली आणि जुना पंप भंगारात घालायला टेम्पोत टाकला. धनेश खुशीत होता. "बटन स्वयंपाकघरात घेतलंय. आता तुला अंधारात विहिरीवर जायला नको. मोटर चालू आहे की बंद, कळतसुद्धा नाही बघ!"

खरंच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती तरीही विहिरीवर गेली. पाटातून पाणी गुपचूप वाहत होतं. तिनं तोंड उघडलं, आणि एवढ्या शांततेत स्वतःचा श्वासच तिला इतका मोठा ऐकू आला की तिनं ते मिटून घेतलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. धनेशवर रागवावं तर त्या बिचाऱ्यानं तिच्या सुखासाठीच केलेलं. ती नुसती दगडावर बसून राहायची आणि उजाडलं की उठायची.

अशातच एका दुपारी केतनचा फोन आला. बुवा गेले होते, झोपेतच.

"मागच्या आठवड्यात बोलले, ती पोर आली न्हाय," केतन म्हणाला. "मी सांगितलं, बुवा, तिचं वरीस भरलं न्हाय अजून. तर हसायला लागले. म्हनाले, आरं, वरीस काय मोजायचं आसतं व्हय? तिला गोडी लागावी म्हनून सांगितलं मी. लागली आसंल तर ये म्हनावं, दोन दिसाचं आसलं तरी."

क्रांतीनं फोन ठेवला आणि पाहुण्यांच्या माशांना मीठ-हळद लावली. हात चालत होते. तळं काही परदेशात नव्हतं. मुरुडहून एसटीनं सकाळी निघाली असती तर संध्याकाळपर्यंत परत आली असती. इतक्या जवळ असलेल्या माणसाला तिनं नियमाच्या पलीकडे बसवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दगडावर बसली होती, गाण्यासाठी नव्हे, सवयीनं. मागे काठीचा आवाज आला. जनी. ऐंशीच्या घरातली म्हातारी अंधारात चाचपडत विहिरीपर्यंत आली होती.

"आई, तुम्ही कशाला आलात? पडाल ना."

"पंप गेल्यापास्नं मला झोप न्हाय." जनी कठड्याला टेकली. "तुझं का बंद झालं?"

क्रांतीला आधी उमगलंच नाही. "माझं काय?"

"पंप कदी दम खातो काय गं? मी पडवीत पडल्या पडल्या ऐकायची. मधीच थांबायचा, परत यायचा. पयलं वाटलं, पंप बिघडला. मंग वळखलं."

क्रांतीच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले आसते तर बंद केलं आसतंस," जनी म्हणाली. "येकदा बोलले व्हते. किती वर्सं बंद झालीस!"

पाटातलं पाणी शेवटच्या आळ्याकडे चाललं होतं. मग क्रांतीचा आवाज फुटला, "ज्यांना ऐकवायचं होतं ते गेले, आई. काल गेले."

"ते गेले," जनी म्हणाली. "मंग मी काय मेले?"

क्रांतीनं पदरानं तोंड पुसलं, पाठ ताठ केली आणि सा लावला. आधी चिरका आला, मग खाली उतरला, बसला. आडोसा नसलेला तो आवाज माडांमधून घरापर्यंत गेला. पाहुण्यांच्या एका खोलीत दिवा लागला, पाठोपाठ मधल्या घरातही. तिनं पाहिलं, पण सूर सोडला नाही. दम संपला तेव्हाच थांबली.

"दम घे," जनी म्हणाली, "आनि परत लाव. मी हाय तवर रोज लाव."