गॅरेजमधलं कॉरिंथ

नवऱ्याची नोकरी गेली त्याच आठवड्यात मुलीला शाळेतून कॉरिंथ मिळालं. सहावीला प्राचीन ग्रीस होतं. प्रत्येकाला एकेक नगरराज्य वाटून दिलं होतं, त्याचा इतिहास, व्यापार आणि सोबत एक मॉडेल. लग्नाआधी मी नागपूरला कॉलेजात इतिहास शिकवायची. अमेरिकेत फ्रीमाँटला आल्यापासून माझ्या व्हिसावर मला पोळ्या लाटण्यापलीकडे कशाचीच परवानगी नव्हती, त्यामुळे या प्रोजेक्टवर मी अधाशासारखी तुटून पडणार होते. पण ते नवऱ्यानेच ओढून घेतलं.

डॉटकॉमचा फुगा फुटला होता. त्याचा व्हिसा कंपनीच्या जिवावर, म्हणजे नोकरी गेली की मुक्कामही गेला. दुसरी कंपनी चटकन मिळाली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुलीला काही सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं. मी भांडले. "होईल काहीतरी यार, तिला कशाला टेन्शन?" एवढंच तो म्हणाला. आमच्या ओळखीच्यांत तेव्हा लेऑफ म्हणजे सुतकच होतं. ज्यांच्याबरोबर दर शुक्रवारी घरोघरचे डबे आणून पॉटलक व्हायचं, ते फोनसुद्धा घाईघाईने ठेवायला लागले. मी त्यांना तेव्हा माफ केलं नाही आणि आताही करत नाही.

रेझ्युमे पाठवायचे सोडून हा माणूस गॅरेजमध्ये डोंगर रचत बसला. कॉरिंथच्या डोक्यावर एक खडकाळ डोंगर आहे आणि त्यावर किल्ला, हे वाचल्याबरोबर त्याचे हात शिवशिवले. पुण्याचा माणूस, त्याला दिवाळीच्या किल्ल्याशिवाय दुसरं काय सुचणार. ऑफिसातून सामान भरून आणलेलं खोकं त्याने उपडं घातलं, बासमतीच्या पोत्याचं गोणपाट चिखलात भिजवून त्यावर पसरलं आणि मोहरी पेरली. बुरूज झाले, दरवाजा झाला, माथ्यावर महाराजांच्या सिंहासनाची जागासुद्धा झाली. मुलीने विचारलं, "बाबा, देअर वॉज अ टेंपल ऑन टॉप. हू सिट्स हिअर?" तेव्हा तो ओशाळला आणि सिंहासन थापटून त्याचं देऊळ केलं.

व्यापार मी शिकवला. दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीशी हे शहर वसलेलं. दक्षिणेकडून वळसा घालायचा तर वादळांची भीती, म्हणून माल इकडे उतरायचा. कधी अख्खी गलबतं दगडी वाटेवरून ओढत पलीकडच्या समुद्रात न्यायची, आणि शहर जकात घ्यायचं. त्यांची रंगवलेली मातीची भांडी, अत्तराच्या एवढ्याशा कुप्या दूरदूरच्या बंदरांत जायच्या. मुलगी लिहून घ्यायची, नवरा चिखलाच्या हातांनी ऐकत उभा राहायचा. "म्हणजे दोघांच्या मधे बसले होते, एवढंच त्यांचं स्किल," तो एकदा म्हणाला. मी हसले नाही, कारण तोही हसत नव्हता.

शेवट मला पाठ होता. रोमन आले, त्यांनी पुरुष मारले, बायकामुलं विकली, शहर जाळलं आणि पुढे शंभरेक वर्षं तिथे जवळजवळ ओसाडी होती. हे सगळं त्या दिवसांत आमच्या घरात मोठ्याने बोललं जाणं मला नको होतं. मी मुलीला म्हटलं, भरभराटीपाशी थांब.

प्रेझेंटेशनला आईवडिलांना बोलावलं होतं. मोहरी चांगली तरारली होती. बाईंनी डोंगराचं कौतुक केलं, मुलगीही छान बोलली. मग तिच्या वर्गातल्या एकाने विचारलं, "सो व्हॉट हॅपन्ड टू देम?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी भरल्या वर्गांना इतिहास शिकवलेली बाई, पण मी नजर मोहरीकडे वळवली. मागे भिंतीशी उभा असलेला नवरा बोलला, "दे वेअर व्हेरी गुड ॲट देअर वर्क." आणि थोड्या वेळाने, "इट डिडन्ट मॅटर." बाई थँक यू म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या नगराला बोलावलं.

घरी येताना गाडीत त्याने तिला सांगून टाकलं. नोकरी गेली, दुसरी मिळाली नाही, शाळा संपली की आपण पुण्याला. मला वाटलं आता मैत्रिणींचं निघेल, रडारड होईल. पण एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारी माझी मुलगी मराठीत म्हणाली, "बाबा, मी क्लासमध्ये सगळ्यांना सांगितलं, की माझा बाबा माझ्या प्रोजेक्टसाठी सुट्टी घेऊन घरी राहिलाय."

त्याने समोर दिसलेल्या ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये गाडी घातली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. मला भयंकर राग आला होता, कंपनीचा, त्याचा, त्या चिखलाचाही.

"अगं, तुझ्यासाठीच राहिला होता तो," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला ते त्याच्याकडून ऐकायचं होतं.