समोरच्या घराचं डिपॉझिट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि जे ओळखतात त्यांच्यात मी फार भली बाई म्हणून प्रसिद्ध आहे.

वारज्यात आम्ही भाड्याने राहतो. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट, दोन्ही अण्णांचे. अण्णा मूळचे इथलेच. त्यांच्या शेतावर इमारत उभी राहिली, तेव्हा जमिनीच्या बदल्यात बिल्डरने दिलेले हे फ्लॅट. एकात आम्ही. दुसऱ्यात रुखसाना, तिचा नवरा सलीमभाई आणि मुलगी झोया. सलीमभाईंचं बुधवार पेठेत टीव्ही दुरुस्तीचं दुकान.

अकरा महिन्यांचा करार संपला की अण्णा एजंटला घेऊन यायचे. तो लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडायचा आणि दोन्ही घरांचे करार एकाच बैठकीत उरकायचा. बाहेरचे साक्षीदार आणले तर एजंट त्याचे वेगळे पैसे लावतो. म्हणून अण्णांची रीत अशी, की समोरच्यांच्या करारावर साक्षीदार आम्ही दोघं आणि आमच्या करारावर ती दोघं. काटकसर हो, दुसरं काय.

तर त्या वर्षी एजंटने आमचा करार वाचून दाखवला. डिपॉझिट पन्नास हजारांचं एक लाख. अण्णा म्हणाले, "समदीकडं वाढलंय म्याडम. मी काय येगळं मागत न्हाय." आम्ही मान डोलावली. मग समोरच्या घराचा करार. एजंटने आकड्यापाशी थांबून वर पाहिलं, आणि अण्णा म्हणाले, "पोरीचं हाय तेच ठेव."

पोरीचं! मी म्याडम, आणि ती पोरगी. मी हसत हसत साक्षीदार म्हणून अंगठा टेकवला. सगळे गेल्यावर बाथरूमचा नळ सोडून रडले.

पैशांचं दुःख होतं का? होतं. शिलाई मशीन घ्यायला बँकेत टाकलेली माझी आरडी मोडावी लागली. पण खरं सांगू? पैशांपेक्षा ते 'पोरी' लागलं. अण्णांच्या शेताच्या उरलेल्या तुकड्यातले पेरू आधी तिच्या दाराशी. तिचा नळ त्याच दिवशी दुरुस्त, आमचा आठवड्याने. आणि का, ते मला माहीत होतं. अण्णांच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा रुखसाना दवाखान्यात मुक्कामाला राहिली होती, त्यांचे केस विंचरत होती. मी जिन्यात विचारलं होतं, "आता बऱ्या आहेत ना?" माझं कर्तव्य संपलं होतं. म्हणजे तिला मिळत होतं ते तिच्या हक्काचं होतं. म्हणूनच मला ते सहन होत नव्हतं, असं आता वाटतं.

पुढच्या करारनाम्याला महिना-दीड महिना राहिला होता. अण्णा पार्किंगमध्ये भेटले. आदल्या रविवारी रुखसाना नणंदेचा नवा फ्लॅट बघायला कोंढव्याला गेली होती, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले — किती सहज म्हणाले! — "रुखसाना सोडतेय ना हो? कोंढव्याला घर बघताहेत. तुम्हाला बोलली असेलच."

अण्णांचा चेहरा उतरला. ते एवढंच म्हणाले, "नाय बोलली."

माझे शब्द मागे घ्यायला मला पुढचे आठ दिवस मिळाले होते. मी नाही घेतले. उलट वाट बघत होते — वाटलं, चिडतील, तिचंही डिपॉझिट वाढवतील, फिटंफाट होईल. पण अण्णा चिडले नाहीत, दुखावले. तिला एका शब्दाने विचारलं नाही. भाच्याच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला फ्लॅट देऊन टाकला, आणि मग तिला सांगितलं, "तुमची सोय तुमी बघितलीच हाय. आमी बी आमची बघितली."

पोरी म्हणाले नाहीत.

ती बिचारी समजली, डिपॉझिटसाठी चाललंय हे सगळं. ती दुप्पट द्यायला तयार झाली. त्याने अण्णा आणखीच दुखावले. लोकांना शब्द दिलाय, म्हणाले. कुणी सांगितलं तुम्हाला, असं तिने विचारलं, तर म्हणाले, "कुनी का सांगंना." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आजतागायत घेतलेलं नाही.

झोया दहावीला होती. रुखसानाला घर वारज्यातच हवं होतं. ती बघायला निघाली आणि सोबत कुणाला नेलं? मला. फोनवर सगळं ठरायचं, चावी हातात घेऊन माणूस खाली यायचा, मग विचारायचा, "नाव काय म्हणालात?" मग त्याला आठवायचं की मालकाचा पुतण्या राहायला येणार आहे. पाच घरांना पाच पुतणे. प्रत्येक वेळी मी तिच्या शेजारी उभी होते. एकदा तर मी मालकाशी भांडलेसुद्धा. रुखसाना रिक्षात माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही नसता तर मी वेडी झाले असते." मी काय केलं? तिचा हात थोपटला.

शेवटी घर मिळालं ते कोंढव्याला. मी जे खोटं बोलले होते, ते तिला खरं करावं लागलं. झोया वर्षभर स्वारगेटला बस बदलून वारज्याच्या शाळेत येत राहिली. कधीकधी माझ्याकडे डबा खायची.

आणि तिथल्या करारावर साक्षीदार हवे होते. रुखसानाचा फोन आला, "ताई, एक नणंद आहे, दुसरं ओळखीचं कोण आहे मला, तुमच्याशिवाय?" मी गेले. रिकाम्या घरात सतरंजीवर बसलो. तिथल्या एजंटने विचारलं, "तुम्ही यांना व्यक्तिशः ओळखता ना?" मी म्हणाले, चांगलीच ओळखते. मग त्याने करार वाचायला घेतला. डिपॉझिट दीड लाख.

इथपर्यंतचं कदाचित मी कुणाला कधीतरी सांगितलंही असतं. चुकून बोलले, वाटलं नव्हतं एवढं होईल, असं काहीबाही जोडून. पण त्या सतरंजीवर तो आकडा कानावर पडला तेव्हा सलीमभाई मान खाली घालून बसले होते, रुखसाना पदराने कपाळ पुसत होती — आणि मला बरं वाटलं. आत कुठेतरी थंडगार, बरं वाटलं. आमच्यापेक्षा पन्नास हजार जास्त.

मग मी अंगठा टेकवला. रुखसानाने मला पहिला चहा दिला.